न मोजलेले खाडे



१ मे १९८१ रोजी आपला जालना जिल्हा झाला. त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या वर्षी देशभरात औद्योगिक विवादांमुळे जे कामाचे दिवस बुडाले, त्यांची सरकारी बेरीज साडेसात कोटींच्या आसपास भरली. आदल्या वर्षी ती पावणेचार कोटींच्या आत होती. १९८२ च्या बेरजेतले निम्म्याहून अधिक दिवस एकट्या गिरणी संपाचे होते. परळ, लालबाग, भायखळा, वरळी एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात बुडालेले दिवस उरलेल्या सगळ्या देशात बुडालेल्या दिवसांपेक्षा जास्त भरले.

हा गिरणगाव आणि आपला नवा जिल्हा एकाच राज्यात, एकाच कामगार खात्याखाली. तिथे कोट्यवधी दिवस बुडतात आणि इथल्या कारखान्यांत संपाची बातमी क्वचित कानावर येते. याचे उत्तर आपल्याकडे ठरलेले आहे: मुंबईचा कामगार लढाऊ, मराठवाड्याचा माणूस सोशिक. उद्योजकांच्या बैठकीत हे कौतुकाने सांगतात, कामगारांच्या सभेत खंत म्हणून सांगतात. मला हे उत्तर मान्य नाही. बुडालेल्या दिवसांच्या आकड्यात माणसांचा स्वभाव दिसत नाही आणि असंतोषही पुरता दिसत नाही. काम थांबवूनही उद्या त्याच कामावर परत येता येईल, असा भरवसा कुणाला आहे आणि कुणाला नाही, एवढेच त्यातून कळते. आजचे व्याख्यान एवढ्याच मुद्द्यावर आहे आणि तो मी जालन्याच्या उदाहरणांनीच मांडणार आहे.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. शंभर कामगारांनी दहा दिवस काम बंद ठेवले की हजार मनुष्यदिवस बुडाले. संप असो की मालकाने लावलेली टाळेबंदी, दोन्ही एकाच बेरजेत जातात. राज्यांच्या कामगार खात्यांकडून ही माहिती केंद्राच्या श्रम ब्युरोकडे जाते. दहापेक्षा कमी कामगारांचा विवाद त्यात धरत नाहीत. राजकीय बंद आणि सहानुभूतीचे संप वगळतात. ब्रिटनमध्येही अशीच गाळणी आहे. तिथे दहापेक्षा कमी माणसांचा किंवा एका दिवसाहून कमी वेळाचा विवाद सोडून देतात. मात्र एकूण बुडालेले दिवस शंभराच्या वर गेले, तर तो धरतात. गाळणी कुठलीही असो, तिच्यातून पहिल्यांदा निसटतो तो लहान कारखाना आणि विस्कळीत काम. जिथे असेच काम जास्त आहे, त्या जिल्ह्याचा आकडा तिथेच घटतो.

मोजणी कुठे सुरू झाली हेही बघण्यासारखे आहे. मुंबई इलाख्यात १९२१ साली सरकारने लेबर ऑफिस काढले आणि त्याच वर्षापासून संपांच्या नोंदी शिस्तीने ठेवल्या जाऊ लागल्या. गिरण्यांतल्या संपांनी सरकारला मोजायला भाग पाडले होते. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. देशात त्या वर्षी बुडालेले दिवस तीन कोटींच्या वर गेले. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९०० साली सुरू झाला, जालन्याच्या कापसाला बाजार मिळाला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. ‘जालना सोने का पालना’ म्हणायची रीत होती. त्या जिनांत सरकी काढणाऱ्या, गठाण बांधणाऱ्या माणसांनी कधी काम थांबवले असेल, तर मुंबई इलाख्याच्या त्या वहीत त्याला जागा नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण भारतात आलो आणि १९६० साली महाराष्ट्राच्या बेरजेत आलो. मुंबई आणि मराठवाडा यांच्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने हा मोठा मागचा काळ विसरू नये.

आता प्रदेशाप्रदेशांत फरक का पडतो, याबद्दल. क्लार्क कर आणि अब्राहम सीगल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५४ साली अकरा देशांतले आकडे तपासले. खाणकामगार आणि गोदी कामगार जवळपास सगळीकडे जास्त संप करतात, शेती आणि व्यापारातले कामगार कमी करतात, असे त्यांना आढळले. त्यांचे स्पष्टीकरण असे: खाणकामगार एकाच वस्तीत राहतो, शेजारीही खाणीतलाच, दुकानदार ओळखीचा, सुखदुःख एकच. अशी एकसंध आणि उरलेल्या समाजापासून तुटलेली वस्ती एकदम उठते. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, कारण तोच उद्योग एका देशात शांत आणि दुसऱ्यात तापलेला दिसतो. पण गिरणगावाला ती बरीच लागू पडते. चाळ, खानावळ, भजनी मंडळ, गणपती, व्यायामशाळा आणि गिरणीचे गेट, सगळे पायी जाण्याच्या अंतरात. ब्रिटनमध्ये १९८४ साली २ कोटी ७१ लाख दिवस बुडाले, त्यांतला मोठा भाग कोळसा खाणींचा. त्या वर्षीच्या ब्रिटनचा प्रदेशवार नकाशा काढला, तर यॉर्कशायर आणि साउथ वेल्स गडद दिसतील. त्यावरून तिथली माणसे जात्याच भांडखोर, असा निष्कर्ष कुणी काढणार नाही. तिथे खाणी होत्या, म्हणून तिथे दिवस बुडाले.

गिरणी कामगाराला आणखी एक आधार होता, त्याची चर्चा फार होत नाही. कोकणातले आणि घाटावरचे हजारो कामगार संप लांबल्यावर गावी गेले. गावाकडे भाताची खाचरे होती, आईबाप होते, दोन वेळचे जेवण निघत होते. त्या आधाराने संप वर्षभराहून अधिक टिकला. दत्ता सामंतांचे नेतृत्व, राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या मान्यतेचा प्रश्न, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातली एकाच युनियनला मान्यता देण्याची तरतूद, या सगळ्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. गावातल्या त्या भाताबद्दल कमी लिहिले गेले. तो आधार आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला आहे का, याकडे मी पुढे येतो.

कमी आकडा म्हणजे शांतता, असे मानणाऱ्यांसाठी आणीबाणीचे उदाहरण पुरेसे आहे. १९७४ साली, म्हणजे रेल्वे संपाच्या वर्षी, देशात चार कोटींच्या वर दिवस बुडाले. १९७६ साली हा आकडा सव्वा कोटीवर आला. सरकारने तो शिस्तीचा पुरावा म्हणून मिरवला. पण त्या सव्वा कोटीची फोड करा. संपांचे दिवस तीस लाखांच्या आत आणि टाळेबंदीचे जवळपास एक कोटी. कामगाराचे हात बांधले होते, मालकाचे मोकळे होते. बेरीज खाली आली आणि तिच्या आतला तोल पार उलटला. पुढच्या काळात पश्चिम बंगालच्या ताग गिरण्यांत हेच चित्र टिकून राहिले. तिथल्या मोठ्या आकड्यांना लोक कामगारांच्या लाल झेंड्याचे आकडे समजत, पण त्यांत टाळेबंदीचा वाटा फार मोठा असे. एखाद्या राज्याचे किती दिवस बुडाले हे सांगताना ते कुणी बुडवले हे सांगितले नाही, तर ऐकणाऱ्याची फसवणूक होते.

आता जालन्यात येऊ. आपला जिल्हा बियाण्यांचा, मोसंबीचा आणि सळईचा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचे नाव देशभर गेले. पोलादाचा धंदा त्यानंतर वाढला. इथे लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, बंदर नाही. बाहेरून भंगार आणायचे, भट्टीत वितळवायचे, बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमधून सळई काढायची. या धंद्यात ज्यांनी पैसा आणि हिंमत घातली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. दुष्काळी मुलखात, कच्चा माल नसताना, राज्यभरातल्या इमारतींना लागणारी सळई इथून जाते ही सोपी गोष्ट नाही.

भट्टीपुढे कोण उभा असतो? बहुतेक ठिकाणी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, झारखंडचा माणूस. त्याला कारखान्याने थेट नेमलेले नसते, ठेकेदाराने आणलेले असते. राहतो कारखान्याच्या आवारातल्या किंवा लगतच्या खोलीत. पाळी बारा तासांची असली तरी कटकट करत नाही, कारण चार महिन्यांत जितके कमावता येईल तितके कमावून त्याला गावी जायचे असते. होळीला, छठपूजेला, लग्नसराईत तो जातो. परत येईल तेव्हा याच कारखान्यात येईल असे नाही. पगार थकला, मुकादम अंगावर धावून आला, शेजारचा माणूस भाजला, तर तो मागणीपत्र लिहीत बसत नाही. सामान बांधतो आणि गाडी पकडतो.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक साधी मांडणी केली. संस्थेचे वागणे बिघडले की माणसापुढे दोन वाटा असतात. आत राहून आवाज उठवायचा किंवा निघून जायचे. निघून जाणे जिथे सोपे, तिथे आवाज क्षीण होतो. मुंबईच्या गिरणीत कायम झालेल्या कामगाराला निघून जाणे परवडत नव्हते. त्याची नोकरी, ग्रॅच्युइटी, चाळीतली खोली, सगळे तिथे अडकलेले. म्हणून तो आवाज उठवत होता. आपल्या भट्टीवरच्या कामगाराला आवाज उठवणे परवडत नाही आणि निघून जाणे परवडते. गिरणी कामगार संप टिकवायला गावी जात असे. भट्टीवरच्या माणसाचे गावी जाणे हाच त्याचा संप असतो. कारखान्याच्या हजेरीपटावर तो ‘गैरहजर’ दिसतो, ठेकेदाराच्या वहीत ‘गेला’ दिसतो आणि सरकारच्या आकड्यांत दिसतच नाही.

सगळे मिळून गेले, तेव्हा काय झाले ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०२० च्या मार्च अखेरीस लॉकडाऊन लागला. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात कामाला असलेले, मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल या आदिवासीबहुल जिल्ह्यांतले वीस मजूर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रुळांच्या कडेने चालत निघाले. काम बंद, पैसे संपत आलेले. श्रमिक गाडी मिळेल या आशेवर ते चालत होते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ थकून रुळांवर झोपलेल्या त्या माणसांवरून मालगाडी गेली. सोळा जण ठार झाले.

त्या सोळा जणांच्या मृत्यूला औद्योगिक विवाद म्हणता येणार नाही, हे मला कळते. कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. रेल्वेच्या नोंदीत तो अपघात आहे, आपत्ती व्यवस्थापनाच्या नोंदीत साथीचा काळ आहे. मी विचारतो ते इतकेच: त्या वीस माणसांचे नाव कुठल्या युनियनच्या पावतीपुस्तकात असते, कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर त्यांची यादी असती, काम बंद पडल्यावर त्यांच्या मजुरीचे आणि जेवणाचे काय, हे विचारायला त्यांच्या वतीने कुणी गेटवर उभा असता, तर ते रुळांवर आले असते का? जिथे वर्षानुवर्षे संप होत नाही, तिथे असा विचारणाराही तयार होत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या औद्योगिक शांततेची ही किंमत आहे आणि ती मी बेरजेबाहेर ठेवू शकत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात भट्टीचा स्फोट झाला आणि वीसच्या आसपास कामगार वितळलेल्या पोलादाने भाजले. भाजलेला कामगार किती दिवस कामावर नसतो? आठवडे, महिने, काही जण कायमचे. हे दिवसही बुडालेलेच. पण ते ‘अपघात’ या वेगळ्या खात्याच्या वेगळ्या वहीत जातात आणि विवादाची बेरीज स्वच्छ राहते.

विजेचेही तसेच. एक टन भंगार वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात, म्हणून भट्टीचा नफा-तोटा विजेच्या दरावर ठरतो. २०१६ पासून राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली ती याच कारणाने. दर परवडेनासा झाला की भट्टी थंड होते. कायम कामगार असता, तर त्याला ले-ऑफची निम्मी भरपाई मिळाली असती. पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यात किंवा वर्षभराची सलग सेवा नसलेल्या कामगाराला तीही नाही. ठेकेदाराच्या माणसाला ‘चार दिवस काम नाही’ एवढेच सांगितले जाते. संपाने चार दिवस बुडाले असते, तर वर्तमानपत्रात उद्योगाच्या नुकसानीचे आकडे आले असते.

जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्वेला, मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांत गेलात, तर दसरा-दिवाळीनंतर पुष्कळ घरांना कुलूप दिसते. माणसे कोयत्यावर गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. एक दिवस खाडा झाला तर दंड. ही रक्कम पाचशे रुपयांच्या घरात असते आणि ती उचलीत चढते. बायकांनी पाळीच्या त्रासाने, गर्भपिशवीच्या दुखण्याने खाडे होऊ नयेत म्हणून गर्भाशये काढून टाकल्याचे शेजारच्या बीड जिल्ह्यातले वास्तव २०१९ साली विधिमंडळात गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एका दिवसाच्या कामाची किंमत या बायकांइतकी कुणी मोजलेली नाही.

ऊसतोड कामगार संप करतात आणि तो जोरदार करतात. हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवला की साखर कारखान्यांची धांदल उडते. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली असे संप झाले, लवाद बसले, दर वाढले. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ ठरली, तीही संपाच्या दबावाखाली. म्हणजे मराठवाड्याचा माणूस काम थांबवायला कचरत नाही. पण तो कारखान्याचा कामगार म्हणून नोंदलेला नसतो. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी आणि तोही बहुतेकदा तोंडी. त्याचा संप कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्याच्या दारात दिसतो आणि घर असते मंठ्याला. तो कुठल्या जिल्ह्याच्या खात्यावर मांडणार? प्रदेशवार आकडे मांडणाऱ्यांनी या प्रश्नाला हात घातलेला मला दिसलेला नाही. काम एका प्रदेशात आणि कामगार दुसऱ्या प्रदेशातला असेल, तर बुडालेला दिवस दोन्हीकडे बुडतो. एका ठिकाणी गाळप बुडते, दुसऱ्या ठिकाणी घरातले खाणे.

सोशिक स्वभावाच्या गोष्टीला सरळ खोडून काढणारा पुरावा याच शहरात, बसस्थानकावर मिळाला. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचारी राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संपावर गेले आणि एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळ तो चालला. निलंबने झाली, बडतर्फी झाली, राज्यात काही कर्मचाऱ्यांनी जीव दिला. जालना विभागातली आगारे यातून वेगळी राहिली नाहीत. चालक, वाहक, मेकॅनिक सगळे इथलेच, याच तालुक्यांतले, त्यांची भावकी कोयत्यावर जाणारी आणि औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणारी. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी आणि शिक्षकांनी आठवडाभर संप केला, तेव्हाही आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बंद होत्या. १९७७-७८ सालचा ५४ दिवसांचा सरकारी कर्मचाऱ्यांचा संप तर अजून जुन्या लोकांच्या आठवणीत आहे. एकाच घरातला थोरला एसटीत असेल तर पाच महिने बाहेर बसतो आणि धाकटा रोलिंग मिलमध्ये असेल तर हाताला पट्टी बांधून पाळीवर जातो. दोघांचे रक्त एक, माती एक, बोली एक. फरक नेमणूकपत्राचा आहे.

अंगणवाडी सेविकांचेही सांगायला हवे. ४ डिसेंबर २०२३ पासून जवळपास ५२ दिवस राज्यातल्या अंगणवाड्या बंद होत्या. सेविका आणि मदतनीस मिळून दोन लाखांच्या आसपास बायका आहेत. त्यांतल्या निम्म्याच संपात होत्या असे धरले, तरी ५० लाखांवर मनुष्यदिवस होतात. पण सरकार त्यांना कर्मचारी मानत नाही, मानद सेविका म्हणते; त्यांना पगार नाही, मानधन मिळते. काम करताना ज्यांना कामगार मानले नाही, त्यांच्या काम थांबवण्याला विवादाच्या नोंदीत जागा कशी मिळणार?

बंदचा विषयही थोडक्यात सांगतो, कारण त्याबाबत आपल्याकडे संवेदना तीव्र आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर जिल्ह्यात, राज्यात ठिकठिकाणी बंद झाले. ऑगस्ट २०१८ च्या बंदमध्ये वाळूजच्या कारखान्यांची तोडफोड झाली होती. हे दिवस औद्योगिक विवादात धरत नाहीत आणि धरूही नयेत. पण जी तरुण मुले बंदमध्ये दिसतात त्यांच्या तोंडी नोकरीचाच प्रश्न असतो. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले, तेव्हाही मागण्यांत रोजगार होता आणि ब्रॉडगेज रेल्वे होती. त्याच वर्षी देशातले रेल्वे कामगार गाड्या थांबवत होते आणि आपली मुले गाडी मागत होती. जिथे थांबवायला काम आहे, तिथे संप होतो. जिथे मुळात कामच नाही, तिथे असंतोष रस्त्यावर येतो आणि त्याची नोंद कामगार खात्याऐवजी पोलीस ठाण्यात होते.

संपाचे गोडवे गाण्यासाठी मी उभा नाही. १९८२ चा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. लाखावर कामगार परत गिरणीत गेले नाहीत. त्यांच्या मुलांनी जे भोगले ते गिरणगावात घराघरांत माहीत आहे, आणि गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर गेले, जिथे युनियन दुबळी होती. २०१३ साली चाकणला बजाजच्या कारखान्यात सुमारे पन्नास दिवस काम बंद राहिले, तेव्हा कंपनीने उत्पादन वाळूजला हलवण्याचा इशारा दिला. आपल्या प्रदेशाची शांतता दुसऱ्या प्रदेशातल्या कामगाराला धाक म्हणून दाखवली गेली. उद्या वाळूज-जालन्यात मागण्या उभ्या राहिल्या, तर धाक दाखवायला आणखी कुठला तरी जिल्हा असेल. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतला हा फरक आमच्यासारख्या अभ्यासकांवर सोडून देण्याजोगा नाही. कामगाराची मजुरी त्यावर ठरते.

नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. सगळ्या औद्योगिक आस्थापनांत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक झाली आहे. पन्नास टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली, तर तोही संप ठरतो. ले-ऑफ, कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली आहे. आपल्या वसाहतीतले किती कारखाने हजेरीपटावर तीनशे कायम कामगार दाखवतात, याचा अंदाज या सभागृहातल्या उद्योजकांना माझ्यापेक्षा चांगला असेल. येत्या काही वर्षांत बुडालेल्या दिवसांचे आकडे आणखी खाली येतील असे मला वाटते. त्यावर ‘औद्योगिक शांतता’ असा मथळा छापला जाईल, तेव्हा १९७६ ची फोड आठवावी.

राज्याच्या आर्थिक पाहणीत विवादांचा आकडा राज्यापुरता येतो. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. त्या समालोचनात जालन्यासाठी एक पान जास्तीचे असावे, अशी माझी मागणी आहे. संप आणि टाळेबंदी वेगवेगळ्या रकान्यांत. भट्ट्या किती दिवस थंड होत्या आणि त्या दिवसांची मजुरी कुणाला मिळाली. भाजून, चिरडून, कापून कामगारांचे किती दिवस गेले. थकलेल्या मजुरीच्या तक्रारी किती आल्या, किती निकालात निघाल्या. आणि दिवाळीनंतर कोणत्या गावातून किती कोयते कुठे गेले, परत आले तेव्हा उचल फिटली होती की डोक्यावर चढली होती. यांतली निम्मी माहिती कामगार अधिकारी, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि महावितरण यांच्याकडे आजही पडून आहे. ती एका ठिकाणी आणायची आहे. उरलेली दारोदार जाऊन विचारावी लागेल. जे. ई. एस. आणि बारवाले महाविद्यालयांतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक आज इथे असतील, त्यांना मी जाहीर विनंती करतो. येत्या हंगामात तुमच्या विद्यार्थ्यांना मंठा आणि परतूर तालुक्यांतल्या चार-चार गावांत पाठवा. त्यांतले कित्येक विद्यार्थी त्याच गावांतले असतील आणि त्यांतल्या काहींचे आईवडील तेव्हा फडात असतील. प्रश्नावली तयार करायला मी येईन. भट्टीवरच्या कामगारांसाठी हिंदी बोलणारी मुले निवडा आणि त्यांना कारखान्याच्या वेळेत पाठवू नका, पाळी सुटल्यावर खोल्यांवर पाठवा. पहिला प्रश्न मजुरीचा नको. याआधी कुठे होतास आणि तिथून का निघालास, इथून सुरुवात करा.